भातुकली मांडा, पण सोबत बसा

चुलीपुढे बसून ऐकणाऱ्या, शेतातून येऊन नुकत्याच टेकलेल्या, नातवंडाला मांडीवर घेऊन बसलेल्या सगळ्या ताया, मावश्या आणि आज्यांना आम्हा सहयोगिनींचा नमस्कार.

दर वेळी आम्ही इथे बचत, कर्जफेड, बँकेचे कागद असल्या गोष्टी बोलतो. आज भातुकलीविषयी बोलणार आहोत. हसू नका. आम्हालाही आधी हसूच आलं होतं. गटाच्या बैठकीत भातुकली हा काय विषय झाला? पण गेल्या दीड-दोन वर्षांत आमच्या गटांमध्ये जे घडलं, त्यानंतर ठरवलं की हे सगळ्यांना सांगायचं. त्यात आमची एक चूकही आहे, तीही सांगणार आहोत.

भातुकली कुणी खेळली नाही? करवंटीची कढई, विटकरीच्या भुकटीचं तिखट, चिंचेच्या पाल्याची भाजी, ओल्या मातीच्या भाकरी. पाहुणे यायचे, खोटाखोटा चहा व्हायचा. आपल्याला कुणी ती शिकवली नाही आणि तिच्यातून आपण काय शिकलो हेही कुणी सांगितलं नाही. मोठ्या माणसांच्या लेखी पोरं गुंतली की काम उरकायचं, एवढाच तिचा उपयोग.

आता घराघरात काय दिसतं? लेकरू जेवत नाही म्हणून पुढ्यात मोबाइल. रडतंय म्हणून मोबाइल. आई भाकरी थापते आहे आणि लेकरू चुलीकडे सरकतंय म्हणून मोबाइल. कुणाला नावं ठेवायला हे सांगत नाही, आमच्याही घरी हेच झालं. दिवसभर खुरपून आलेल्या बाईनं आणखी काय काय करायचं? पण जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली सांगितलं की एक-दीड वर्षाच्या मुलाला बसवून पडदा दाखवूच नये आणि दोन वर्षांपुढेही दिवसाला एका तासाच्या वर नको. आपल्या देशातल्या बालरोगतज्ज्ञांचंही हेच म्हणणं आहे. कारण सोपं आहे. मोबाइल लेकराशी बोलल्यासारखा वाटतो, पण लेकरानं काही म्हटलं तर तो थांबून ऐकत नाही. आणि ऐकणारं कुणी असल्याशिवाय लेकरू बोलायला शिकत नाही.

आता आमच्या चुकीची गोष्ट.

आमच्या एका गटातल्या ताईंचा मुलगा दीड वर्षाचा होता. बैठकीत हिशेब संपल्यावर त्यांनी हळूच विचारलं, “याच्या बरोबरीची पोरं आई, बाबा, दादा म्हणतात. हा काहीच बोलत नाही. दवाखान्यात दाखवू का?” आम्ही त्यांना म्हणालो, “मुलगे उशिराच बोलतात गं. याचा बापही उशिराच बोलला असेल. काळजी करू नकोस.” घरी सासूबाईंनीही तेच सांगितलं. ताई गप्प बसल्या. त्यानंतर आठ महिने कुणी काही केलं नाही.

आठ महिन्यांनी आमच्या अंगणवाडी सेविका ताई बैठकीत आल्या. त्यांनी सांगितलं की केंद्र सरकारनं २०२४ साली ‘नवचेतना’ नावाचा आराखडा काढला आहे. तीन वर्षांच्या आतल्या मुलांशी घरी कसं खेळायचं, कसं बोलायचं, ते त्यात महिन्यांप्रमाणे दिलेलं आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात असंही लिहिलं आहे, की माणसाच्या मेंदूची ८५ टक्क्यांहून जास्त वाढ सहा वर्षांच्या आत होते. त्यांनी विचारलं, “तुम्ही बायका मिळून लहान मुलांसाठी काही खेळणी कराल का?”

पहिला विचार आला तो बाजारातून प्लॅस्टिकचा किचन सेट आणायचा. एकीनं मोबाइलवर चित्रं दाखवली, चकचकीत गॅस, मिक्सर, बटण दाबलं की आवाज. तेवढ्यात गटातल्या सगळ्यात वयस्कर मावशी म्हणाल्या, “आपल्याकडे चिंध्या आहेत, करवंट्या आहेत, हात आहेत. पैसे कशाला घालता?” आम्हाला ते पटलं.

मैत्रिणींनो, हा विचार आपल्याकडे नवा नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केलं. पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी पाड्यांमध्ये त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी ते वाढवलं. महागडी परदेशी साधनं परवडणारी नव्हती. म्हणून त्यांनी बिया, शिंपले, पानं, दगडगोटे असं आजूबाजूला मिळणारं सामानच शिकण्याचं साहित्य केलं. आज गावोगावी जी अंगणवाडी आहे, तिची मुळं अशा कामात आहेत. आणि लाकडी भाज्या-फळांचं म्हणाल, तर सावंतवाडीचे कारागीर कितीतरी पिढ्यांपासून ती बनवत आले आहेत. खोटं खाणं आणि खरा खेळ ही आपल्या घरचीच गोष्ट आहे.

आम्ही काय काय बनवलं ते सांगतो. जुन्या सुती लुगड्याचे दोन-तीन थर शिवून भाकरी केल्या. हिरव्या ब्लाऊजपिसात चिंध्या भरून वांगी, काकडी आणि मोठी भोपळी मिरची केली. केशरी कापडाचं गाजर. एका ताईंनी युक्ती काढली. त्या पर्स शिवतात. पर्सला चर्र करून उघडणारी पट्टी असते ना, वेल्क्रो म्हणतात तिला, ती त्यांनी गाजराच्या दोन तुकड्यांना शिवली. तुकडे जोडले की गाजर अख्खं, लाकडी उलथन्यानं मध्ये दाबलं की चर्र करून दोन तुकडे. पोरांना ते एवढं आवडलं की दुसरी चार गाजरं करावी लागली. करवंट्या घासून गुळगुळीत केल्या. घरातली चेपलेली छोटी पातेली, स्टीलची वाटी, झाकण, लाकडी डाव, जुनं पोळपाट घेतलं. सगळं एका पिशवीत भरलं. खर्च झाला फक्त दोऱ्याचा आणि त्या पट्टीचा.

आता या खेळानं हाताला काय मिळतं ते बघू.

लहान बाळ आधी सगळ्या मुठीनं वस्तू धरतं. नऊ-दहा महिन्यांच्या सुमारास अंगठा आणि पहिलं बोट जुळवून चिमटीत धरायला लागतं. एक वर्षाच्या आसपास त्याला डब्यात टाकायचं आणि बाहेर काढायचं वेड लागतं. आपण वैतागतो, “किती वेळा काढशील?” पण ते शिकत असतं. वस्तू धरणं सोपं असतं, ठरवून नेमक्या जागी सोडणं अवघड असतं. त्यानंतर येतं मनगट. ढवळताना मनगट फिरतं, वाटीतून पाणी ओतताना ते हळूहळू वळवावं लागतं. मग दोन हात दोन वेगळी कामं करायला शिकतात. एका हातानं पातेलं धरायचं, दुसऱ्यानं डाव फिरवायचा. एका हातानं गाजर दाबून धरायचं, दुसऱ्यानं चिरायचं. कणकेचा गोळा मळताना, थापताना तळव्यात आणि बोटांत जोर येतो. पुढे हाच हात शर्टाचं बटण लावतो, स्वतःच्या हातानं जेवतो आणि शाळेत पेन्सिल धरतो. तीन वर्षांच्या लेकराच्या हातात पेन्सिल कोंबण्यापेक्षा त्याला कणकेचा गोळा दिलेला बरा.

आणि बोलण्याचं काय?

जरा आठवून बघा, आपल्या स्वयंपाकघरात किती शब्द आहेत. चिरणं वेगळं, सोलणं वेगळं, किसणं वेगळं. निवडणं, पाखडणं, मळणं, लाटणं, थापणं, शेकणं, परतणं, ढवळणं, गाळणं, वाढणं. हाताच्या प्रत्येक हालचालीला आपल्या भाषेत वेगळा शब्द आहे. लेकरू ती हालचाल करत असतानाच तो शब्द कानावर पडला तर तो पक्का बसतो. मोबाइलमधल्या चित्रातलं सफरचंद हातात येत नाही. कापडाचं वांगं हातात येतं, पातेल्यात पडतं, आजीला वाढता येतं. त्याच्याबरोबर शब्द येतात आत, बाहेर, वर, खाली, गरम, गार, मोठं, छोटं, संपलं, अजून, मला, तुला.

लहान मुलांना आवाज लवकर जमतात. फोडणीचा चर्र, भाताचा खदखद, चहाचा फुर्र, पाण्याचा टपटप. शब्द येत नसेल तर आवाज तरी येतो. आवाज काढणं ही बोलण्याची पहिली पायरी आहे, म्हणून आवाज काढायला लाजू नका.

वयाप्रमाणे खेळ बदलतो. वर्ष-सव्वा वर्षाचं मूल भांडी आदळेल, डबा भरेल, ओतेल. दीड वर्षाच्या आसपास ते रिकामा कप तोंडाला लावून चहा प्यायचं सोंग करतं, मग तोच कप तुमच्या तोंडाला लावतं. त्या वेळी काम बाजूला ठेवून तो चहा प्या. ते पुढे बाहुलीला घास भरवतं. दोन वर्षांच्या सुमाराला ताटलीत भाकरी, भाकरीवर भाजी असं मांडतं. अडीच-तीनपर्यंत गोष्टच तयार होते. पाणी ठेवलं, साखर टाकली, उकळलं, गाळलं, पाहुण्याला दिलं. पान हीच पोळी होते, दगड हाच बटाटा होतो. एका वस्तूला दुसरी मानणं ही मोठी झेप आहे. पुढे कागदावरची रेघ म्हणजे ‘क’ असं जे मानायचं असतं, त्याची तयारी इथे होते.

पण मैत्रिणींनो, पिशवी पुढ्यात टाकली आणि आपण निघून गेलो तर यातलं निम्मंही होत नाही. खेळणं बोलायला शिकवत नाही, खेळताना बोलणारं माणूस शिकवतं. म्हणून सोबत बसायचं. कसं बसायचं, ते पाच गोष्टींत सांगतो.

पहिली, लेकराच्या समोर, त्याच्या डोळ्यांच्या उंचीला बसा. त्याला तुमचं तोंड दिसलं पाहिजे.

दुसरी, ते जे करतंय तेच बोला. ते ढवळत असेल तर “ढवळ, ढवळ, भाजी ढवळ” म्हणा. आपलंच दामटू नका. त्याला भाकरी मोटारीसारखी फिरवायची असेल तर फिरवू द्या.

तिसरी, त्याच्या शब्दात एक शब्द घाला. ते “भाकली” म्हणालं तर “असं नाही, भाकरी म्हण” असं सुधारू नका. “हो, गरम भाकरी!” म्हणा. उद्या ते “गलम भाकली” म्हणेल. आज एक होता, उद्या दोन शब्द झाले.

चौथी, थांबा. “भाजी देऊ का भाकरी देऊ?” असं विचारून मनातल्या मनात पाचपर्यंत मोजा. आपण एवढ्या घाईत असतो की प्रश्नही आपणच विचारतो आणि उत्तरही आपणच देतो. लेकरू शब्द शोधत असतं, त्याला वेळ लागतो. शब्द आला नाही, बोट दाखवलं, तरी ते उत्तरच आहे. “भाकरी हवी, ही घे भाकरी” म्हणून द्या.

पाचवी, परीक्षा घेऊ नका. “हे काय? ते काय? रंग कोणता?” असं सारखं विचारलं की खेळ संपतो. आपणच पाहुणे व्हा. “बाई गं, भूक लागली, काही आहे का घरात?” बघा, लेकरू कसं धावपळ करतं ते.

बोलायचं कोणत्या भाषेत? घरात जी बोलली जाते तिच्यात. अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी, बंजारा, भिली, कातकरी, जी तुमची असेल ती. शाळेत कसं होईल म्हणून पुस्तकातली मराठी ओढूनताणून बोलू नका. आईची भाषा भक्कम झाली की तिच्या आधारानं दुसरी लवकर येते.

वेळेचं विचाराल, तर आम्हालाही ठाऊक आहे, वेळ नाही. म्हणून वेगळा वेळ काढू नका. तुम्ही भाकरी थापताना चुलीपासून लांब, भिंतीकडे त्याचं पोळपाट मांडा आणि कणकेचा गोळा द्या. तुम्ही थापा, तोही थापेल. भाजी निवडताना मेथीची एक जुडी त्याच्याकडे. भांडी घासून झाल्यावर वाट्या एकात एक घालायला त्याला द्या. दिवसातून दहा-पंधरा मिनिटं मनापासून बोललात तरी रोजचं मिळून पुष्कळ होतं. बायका ऊसतोडीला, मजुरीला जातात तिथे आजी-आजोबा, मोठी बहीण, सगळ्यांना हे सांगा. पण मोठी बहीण म्हणजे तिची शाळा बुडवून नव्हे, एवढं लक्षात ठेवा.

आणि बाबांना विसरू नका. आमच्या एका गावात वडिलांनी मुलाच्या हातातलं लाटणं ओढून घेतलं. “पोरगा असून भांडी खेळतो?” त्यावर मावशींनी त्यांना विचारलं, “लग्नाचा आचारी बाई असतो की बाप्या? हॉटेलात भजी कोण तळतं?” ते हसले. दुसऱ्या दिवशी त्यांनीच लेकराच्या हातचा खोटा चहा प्यायला. मुलगा असो की मुलगी, हात दोघांनाही आहेत आणि बोलायचं दोघांनाही आहे.

आता सावधगिरी. हा भाग नीट ऐका.

तीन वर्षांच्या आतलं मूल सगळं तोंडात घालतं. त्याच्या मुठीपेक्षा लहान वस्तू खेळात नको. शेंगदाणे, हरभरे, वाटाणे, चिंचोके, मणी, बटणं, फुटका फुगा घशात अडकून जीव जाऊ शकतो. गुंजा आणि एरंडाच्या बिया दिसायला सुंदर असतात, पण विषारी असतात, त्या घरात खेळायला नकोतच. खेळण्यातल्या किंवा घड्याळातल्या चपट्या गोल सेलपासून लांब ठेवा, तो गिळला तर अन्ननळी जाळतो. गिळल्याची नुसती शंका आली तरी त्याच क्षणी दवाखाना गाठायचा. कीटकनाशकाचा, खताचा, रंगाचा डबा कितीही धुतला तरी खेळायला द्यायचा नाही. शिवलेल्या खेळण्याची शिवण दर आठवड्याला ओढून बघा. चिंध्या बाहेर आल्या असतील तर पुन्हा शिवा. पाण्याशी खेळ चालू असताना उठून जाऊ नका आणि खेळ झाला की बादली पालथी घाला. थोड्या पाण्यातही लहान मूल बुडतं. कणकेचा गोळा रोज ताजा घ्या. मूल माती सारखी खात असेल तर रागावू नका, आशाताईंना सांगा. अंगात रक्त कमी असेल तरीही मुलं माती खातात.

बाजारातून खेळणं घेणार असाल तर आयएसआयचा शिक्का बघा. १ जानेवारी २०२१ पासून आपल्या देशात खेळण्यांना तो बंधनकारक आहे. आणि गटानं अशी खेळणी विकायची ठरवली तर आधी नियम विचारून घ्या. घरच्यासाठी आणि आपल्या अंगणवाडीसाठी शिवणं वेगळं, विकणं वेगळं.

आता त्या मुलाकडे परत येतो.

पिशवी तयार झाल्यावर आम्ही बैठकीनंतर मुलांना खेळायला बसवायला लागलो. तो मुलगा तेव्हा सव्वादोन वर्षांचा होता. हात एकदम चलाख. थापायचा, ढवळायचा, गाजर चिरायचा. समोर बसून हातानं खूण केली की चहा आणून द्यायचा. आम्ही खूश झालो. पण मावशी बघत होत्या. त्या हळूच त्याच्या पाठीमागे गेल्या आणि म्हणाल्या, “बाळा, मला चहा दे.” तो वळला नाही. शेजारची त्याच्याच वयाची मुलगी वळली, कप घेऊन आली. मावशींनी पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं. तो ढवळतच राहिला. मावशी आमच्याकडे बघून म्हणाल्या, “याला ऐकू कमी येतं गं.”

आम्हा सगळ्यांच्या पोटात गोळा आला. आठ महिन्यांपूर्वी त्याची आई हेच विचारत होती आणि आम्ही तिला गप्प बसवलं होतं.

सेविका ताईंनी त्याचं नाव लिहून घेतलं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं आरोग्य पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत मुलं तपासायला येतं. त्यांनी त्याला जिल्हा रुग्णालयात पाठवलं. तिथे कान तपासले. सारखी सर्दी होऊन कानाच्या पडद्यामागे पाणी साठलं होतं. तो बहिरा नव्हता, पण त्याला आपलं बोलणं पाण्याखालून यावं तसं येत होतं. उपचार झाले. ऐकू यायला लागलं तरी बोलणं लगेच आलं नाही, कारण इतके महिने जे कानावर पडायला हवं होतं ते पडलंच नव्हतं. तिथल्या बाईंनी घरी काय करायचं ते सांगितलं. समोर बसा, हळू बोला, खेळातून बोला. ताई हसून म्हणाल्या, “म्हणजे भातुकलीच की!”

रोज संध्याकाळी ताई, सासूबाई आणि तो, अशी भातुकली सुरू झाली. अडीच महिन्यांनी एके दिवशी त्यानं सासूबाईंपुढे रिकामा कप धरला आणि म्हणाला, “चा.” सासूबाई आजही हे सांगताना पदर डोळ्यांना लावतात. आता तो साडेतीन वर्षांचा आहे. “आजी, चा पी, गलम हाय” असं सांगतो. उच्चार अजून स्पष्ट नाहीत, महिन्यातून एकदा तालुक्याला जावं लागतं. पण तो बोलतो.

पुढच्या बैठकीत आम्ही सगळ्यांसमोर त्या ताईंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, “तुम्ही धीर द्यायलाच म्हणाला होतात.” खरं आहे. पण त्या धीरापायी आठ महिने गेले. तेव्हापासून आमच्या गटांत एक नियम आहे. आईनं मुलाबद्दल शंका काढली की “होईल गं” म्हणायचं नाही. “चल, दाखवू या” म्हणायचं.

म्हणून या खुणा लक्षात ठेवा. वर्षाचं मूल नावानं हाक मारली तरी बघत नाही. दीड वर्ष झालं तरी एकही शब्द नाही, बोट दाखवून काही मागत नाही. दोन वर्षं झाली तरी “पाणी दे”, “बाबा आला” असे दोन शब्द जोडत नाही. येत असलेले शब्द बोलायचं बंद झालं. नजर देत नाही, कुणाबरोबर खेळत नाही. एकच हात वापरतं, दुसरा तसाच धरून ठेवतं. कान वाहतो. यातलं काहीही दिसलं तर अंगणवाडीत किंवा आशाताईंना सांगा. घाबरून जाऊ नका. प्रत्येक मूल आपल्या गतीनं वाढतं, बऱ्याचदा काही नसतंही. पण ते तपासणाऱ्यानं सांगू द्या, आपण सांगायचं नाही. पाठीमागून हाक मारून बघणं ही काही तपासणी नव्हे. घरी मूल वळलं म्हणून शंका मनात दाबू नका. आणि खेळ हा उपचार नाही हेही खरं. भातुकलीनं त्याचा कान बरा केला नाही. भातुकलीमुळे आम्ही त्याच्याकडे नीट बघितलं आणि पुढे बोलणं यायला तिची मदत झाली.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं घरातली एक चिंधी, एक करवंटी आणि एक चेपलेलं भांडं आणा. हिशेब झाल्यावर अर्धा तास बसून एक पिशवी शिवा. घरातलं लेकरूही सोबत आणा. आणि त्यानं रिकामा कप पुढे केला की हातातलं काम ठेवून तो प्या. “वा, छान झालाय, साखर जरा कमी आहे” म्हणा. मग थांबा आणि ते काय म्हणतं ते ऐका.

पुन्हा भेटूच.